मशीन त्याच्याजवळ राहू दे

बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मी कागदावर लिहायला बसले की माझं बोलणं आपोआप शाळेतलं होऊन जातं. कुणी हे तुम्हाला वाचून दाखवलं असतं तर तुम्ही मधेच अडवलं असतं, "हे कोण बोलून रायलं? माही पोट्टी तं अशी नाई बोलत." तरी लिहिते. तुम्ही गेलात त्याला पुष्कळ वर्षं झाली. इतकी, की तुमचा आवाज मी आता शोधते तेव्हा कधी सापडतो, कधी सापडत नाही. यंदाच्या पावसाळ्यात एक गोष्ट झाली, आणि ती सांगायला मला दुसरं माणूस आठवत नाही. ज्यानं पाण्यातून माणसं काढली आहेत त्यालाच ती कळेल, बाकीचे नुसती मान हलवतील.

मी ड्रोन चालवते, बाबा. म्हणजे चार पंख्यांचं एक मशीन, पोळपाटाएवढं, त्याला खाली कॅमेरा. ते आभाळात जातं, मी खाली उभी राहून हातातल्या छोट्या पडद्यावर बघते आणि दोन अंगठ्यांनी त्याला फिरवते. हसू नका. तुमचे जावई आणि मी परतवाड्यात राहतो, दोघांचंही पोट त्याच्यावरच आहे. त्यांचं मशीन मोठं, फवारणीचं. पाठीवर पंप बांधून माणूस दिवसभर तुरीत फिरायचा ते काम ते मशीन सकाळच्या पारी उरकून टाकतं. संत्र्याच्या बागांतूनही बोलावणी येतात. माझं लहान. लग्नाची वरात वरून दाखवायची, बागेत कुठली झाडं वाळायला लागली ते बागवानाला दाखवायचं, मोझरीला पुण्यतिथीची गर्दी उसळली की कुठल्या फाटकाशी माणसं दाटून आली ते पोलिसांना सांगायचं. आणि पुराच्या दिवसांत तहसीलमधून फोन येतो, कुणी वाहून गेलं असेल तर. तुम्ही मला मोर्णा नदीत कधी गुडघाभरही उतरू दिलं नाही, आपण भोई असून. भावाला शिकवलंत, मला म्हणालात, तुले कावून पायजे पोहणं. आता तुमचं काम मीच करते, आणि पायाला पाणी न लागू देता करते. तुम्हाला याचा राग आला असता की बरं वाटलं असतं, मला सांगता येत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरातलं आपलं स्वयंपाकघर मला आठवतं. माय मोठ्या पातेल्यात शिंगाडे उकडायची, ते पातेलं बाहेरून काळं आणि आतूनही काळंच. तुम्ही चुलीशेजारी बसून सुरीनं शिंगाडे सोलायचात, पहिला मला. कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं, बहुतेक एखाद्या खेड्याचा कोतवाल, सायकल भिंतीला लावलेली. तो पुरतं सांगायच्या आधीच तुम्ही सुरी खाली ठेवायचात. त्या वर्षांत नदीपेक्षा विहिरींची बोलावणी जास्त यायची. कापूस हातचा गेलेली वर्षं होती ती, सगळ्यांना माहीत होतं काय चाललंय, आणि आपल्या घरात त्याबद्दल एक अक्षर कुणी बोलायचं नाही. तुम्ही परत आलात की गल्लीतच थांबायचात. माय बाहेर बादली आणून तुमच्या अंगावर पाणी ओतायची, मगच तुम्ही उंबरा ओलांडायचात. त्या दिवशी तुम्ही शिंगाडे सोलत नव्हता. माय चहा ठेवायची आणि तुम्ही तो थंड करून प्यायचात.

एकदा तुम्ही मला बरोबर नेलं होतं. मायला ताप होता, भाऊ मामाकडे, आणि तुमचे कोरडे कपडे धरायला कुणीतरी हवं होतं. मी पाचवी-सहावीत असेन. विहिरीपासून लांब, एका गाडीच्या चाकाशी तुम्ही मला बसवलंत आणि म्हणालात, "इकडे नाई पाहाचं. कपडे पाह्य." मी कपडे बघत बसले. पण तुम्ही वर आलात तेव्हा मान वळलीच. तुम्ही दोरावरून हात सोडला, पोलीस पाटील पुढे आला, त्याच्या बाजूनं तुम्ही निघून गेलात. गोठ्याशी एक बाई बसली होती. तुम्ही तिच्यासमोर जरा अंतरावर उकिडवे बसलात, अंगातून पाणी निथळतंय, आणि एवढंच म्हणालात, "बाई, भेटले." तिथून उठला नाहीत. ती तुमच्याकडे बघत राहिली, मग तिनं पदर तोंडावर घेतला. सोबतचा पोलीस शिपाई तुम्हाला म्हणाला, "अगोदर आमाले सांगाचं असते ना." तुम्ही चिडला नाहीत. "तुमचं कोण होतं त्याच्यात, साहेब?" असं विचारलंत, जणू खरंच माहिती हवी होती.

येताना यष्टीत मी तुम्हाला विचारलं, कसे दिसत होते ते. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की अजून आठवलं तरी मान खाली जाते. "त्याच्या बायकोनं नाई इचारलं, तू कावून इचारून रायली?" एवढंच. अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यावर मला फुटाणे घेऊन दिलेत, म्हणजे राग गेला असावा. पण मी मोठेपणी जेव्हा जेव्हा या कामाला निघाले तेव्हा ते वाक्य माझ्याबरोबर जीपमध्ये बसलेलं असायचं. घरच्यांना आधी कळलं पाहिजे, माणसाच्या तोंडून कळलं पाहिजे, आणि सांगणाऱ्यानं तिथं थांबलं पाहिजे. एवढं मी तुमच्याकडून घेतलं होतं आणि मला वाटायचं की हे मला जमतं.

आता यंदाचं सांगते. पूर्णेकडे जाणाऱ्या एका मोठ्या नाल्यावर रपटा आहे, बिनकठड्याचा ठेंगणा पूल, पूर आला की पाणी त्याच्यावरून वाहतं. पलीकडे मळेवाल्यांचं गाव. तिथला एक तरुण सांबाराच्या, म्हणजे शाळेतल्या भाषेत कोथिंबिरीच्या, आणि पालकाच्या जुड्या मोटारसायकलवर बांधून सकाळी बाजाराला निघाला. पाणी रपट्यावर चढत होतं. लोकांनी हाका मारल्या म्हणे. पण पालेभाजी घरी ठेवली तर दुपारपर्यंत सडते, हे हाका मारणाऱ्यांनाही माहीत होतं, त्यांचेही मळेच आहेत. मधोमध गेला आणि गाडीसकट दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस उघडला तेव्हा मला बोलावलं. घरात त्याची आई एकटी. मी पोचले तेव्हा ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसली होती, कालपासून तिथंच, गुडघ्यांवर हात ठेवून. मला बघून म्हणाली, "तूच काय वं मशीनवाली? तो पोहते चांगला. झाडागिडावर बसला असंन, तिकडे पाह्यजो पहिले."

मी पाह्यलं, बाबा. आधी झाडंच पाहिली. पडदा माझ्या तळहाताएवढा, आणि पाठीमागे अख्खं गाव. कुणी खांद्यावर हनुवटी टेकवतंय, कुणी छत्री धरतंय, कुणी म्हणतंय डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. मशीन दोनदा खाली आणून बॅटरी बदलावी लागली. तेव्हा सरपंचांना कल्पना सुचली. पंचायतीत मोठा टीव्ही होता, वरच्या साहेबांच्या बैठका बघायला लावलेला, आणि तो इन्व्हर्टरवर चालत होता. "म्याडम, त्याच्यावर लावा ना. लोकं तुमच्या अंगावरचे उतरतील. अन् म्हातारीले आत खुर्चीवर बसून दिसंन, चिखलात कुठवर उभी रायन ते?" वाईट मनात कुणाच्याच नव्हतं. म्हातारीसाठीच चाललं होतं सगळं. तार माझ्याच पिशवीत होती, मीच ती जोडली. गाव आत गेलं, मला श्वास घ्यायला जागा झाली, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. आत म्हातारीला पहिल्या खुर्चीवर बसवलं, कुणीतरी तिच्या हातात चहा दिला. क्रिकेटच्या वेळी बसतात तशीच बसली होती माणसं, फक्त बोलत नव्हती.

मी बाहेर व्हरांड्यात उभी, तार खिडकीतून आत गेलेली. नाला जिथं वळतो तिथं बाभळी पाण्यात उभ्या होत्या, त्यांच्यात कडबा, प्लास्टिक, कुणाचं छप्पर, सगळं अडकलेलं. काहीतरी निळं दिसलं. मला वाटलं पाण्याचा ड्रम असेल, म्हणून मशीन खाली घेतलं आणि कॅमेरा जवळ नेला. तो सदरा आहे हे मला माझ्या छोट्या पडद्यावर कळायच्या आधी आतून म्हातारीचा आवाज आला. पडदा तिचा मोठा होता, बाबा. तिला माझ्या आधी दिसलं. मी कॅमेरा झटकन वळवला, पण काय उपयोग. कुणी तिच्यासमोर उकिडवं बसलं नाही, कुणी भेटले म्हणालं नाही. भिंतीवर टांगलेल्या टीव्हीनं तिला सांगितलं, आणि मशीन माझं होतं. कुणीतरी धावत जाऊन टीव्ही बंद केला. तहसीलचा माणूस माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, जागा नोंदली गेली, आता वापस घ्या. रबरी बोट घेऊन माणसं निघाली होती, पण रपटा बंद, त्यांना दुसऱ्या गावावरून फिरून यायचं होतं.

मी मशीन वळवणार तेवढ्यात ती बाहेर आली. बायका तिला धरत होत्या, तिनं हात सोडवून घेतले. मला वाटलं ती मला मारेल, आणि मारलं असतं तर मी तशीच उभी राहिले असते. ती रडत नव्हती. माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "वापस नको आणू. त्याच्याजवळ राहू दे. कावळे उडाले तुह्या मशीनच्या आवाजानं, म्या पाह्यलं ना आता. थे गेलं का ते येतीन." मी तहसीलवाल्याकडे बघितलं, त्यानं मान फिरवली. मी मशीन तिथंच उभं केलं, त्याच्या वर, बाभळीच्या शेंड्यांना लागणार नाही इतकं खाली. ती माझ्या शेजारी ओट्यावर बसली. पडदा मी तिच्याकडून वळवून धरला होता, आणि तिनंही एकदासुद्धा मागितला नाही. "हाय ना?" असं मधून मधून विचारायची. मी "हाय, मावशी" म्हणायची. खरंच होतं. हे तुम्ही मला शिकवलेलं नव्हतं, कुणीच नव्हतं शिकवलेलं, पण वाटलं की टीव्हीनं जे केलं त्याच्यानंतर माझ्या हातात करण्यासारखं हे एकच उरलंय.

पण या मशीनचा जीव फार लहान असतो. अर्धा तासही हवेत राहत नाही. ती माझी शेवटची भरलेली बॅटरी होती, गावात आदल्या दिवसापासून वीज नव्हती, आणि जीपवर लावलेली दुसरी अजून निम्मीसुद्धा झाली नव्हती. बॅटरी संपत आली की ते शिट्टी वाजवायला लागतं आणि तुम्ही नाही म्हटलं तरी स्वतःच परत फिरतं. त्याला त्याच्या मालकाकडे यायचं असतं, खाली कोण आहे याच्याशी त्याला काही नसतं. मी शिट्टीचा आवाज बोटानं बंद केला. तेवढ्यात बायका म्हातारीला आत घेऊन गेल्या, तिला भोवळ आली होती. मशीन जिथून उडवलं होतं त्या शाळेमागच्या मैदानात उतरलं, मी ते उचललं, पंखे मिटले, पेटीत ठेवलं आणि पेटी घेऊन व्हरांड्यात आले. बोटीचा पत्ता नव्हता. हातात नुसता काळा पडदा. तुम्ही असता तर पाण्यात उतरून त्याच्याजवळ जाऊन उभे राहिला असता, छातीभर असो की डोक्यावरून असो. मी पाण्याच्या दिशेनं एक पाऊलही टाकलं नाही. मला पोहता येत नव्हतं.

तिनं आतूनच विचारलं. टीव्ही बंद, त्याच्यासमोर तीच खुर्ची, चहा तसाच. "हाय ना वं पोरी तिथं?"

"हाय, मावशी."

"अन् कावळे?"

"एकबी नाई," मी म्हणाले. पेटी माझ्या पायाशी होती. तिनं डोळे मिटले आणि मागे टेकली, कालपासून पहिल्यांदा टेकली असावी. बोट त्यानंतर बऱ्याच वेळानं पोचली. तोवर तिनं आणखी दोन-चारदा विचारलं आणि दर वेळी मी तेच उत्तर दिलं.

तुमचे जावई म्हणतात, तू जिवाले लावून घेते, टीव्ही काई तू नाई लावला, त्यायनं लावला. टीव्हीचंच दुःख आहे असं त्यांना वाटतं. त्यांना मी एवढंच सांगितलंय. पुढचं सांगितलं नाही, आणि हा कागदही त्यांच्या हाती लागायच्या आधी चुलीत घालेन. तुम्ही तसेही लोकांच्या घरचं कुणाला सांगत नव्हता. म्हणून फक्त तुम्हाला. बोटीवर गेलेली माणसं माझ्या ओळखीची आहेत. परवा परतवाड्याच्या स्टँडवर त्यांच्यातला एक भेटला, त्यानं आग्रहानं चहा पाजला, आम्ही बराच वेळ उभे होतो. ते पोचले तेव्हा तिथं कावळे होते का, हे त्याला विचारायचं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. मग मी त्याला त्याच्या मुलीच्या शाळेचं विचारलं.