दहा बोटांचे लाड

प्रिय खारूताई,

मागे एकदा फोनवर तू मला चांगलंच फैलावर घेतलंस. बाळ यायची वेळ जवळ आली तरी आईचा पाय गुलाबांतून निघत नाही म्हणालीस. म्हण बापडी. पण गुलाबांचा काही दोष नाही गं. अडले होते ते माझे हात. तेव्हा सांगितलं असतं तर तू तिकडे रडत बसली असतीस, म्हणून गप्प राहिले.

व्हिसाच्या ऑफिसात बोटांचे ठसे द्यायचे होते. मी पडले माळीण. बोटांना चीक, तळव्यांवर काट्यांचे ओरखडे. एरवी कामाला लागण्याआधी साबणाच्या वडीवर नखं ओढते, म्हणजे नखांत साबण भरतो आणि मातीला जागाच उरत नाही. तेवढं मला पुरतं. पण अशा चकचकीत ऑफिसात हे हात कसे न्यायचे? मग काय, आदल्या दिवशी लिंबू, सोडा आणि टाचा घासायची वजरी घेऊन बसले आणि असे घासले, असे घासले की तुझे बाबा म्हणाले, अगं, कातडं तरी ठेव.

बाबांचे ठसे पहिल्या फटक्यात उमटले. जन्मभर खुर्चीत बसून काम केल्याचा एवढा तरी फायदा! माझी बोटं ठेवली, तर मशीन ढिम्म. निम्म्या रेषा खुरप्यानं झिजवलेल्या, उरल्यासुरल्या मी वजरीनं घालवलेल्या. काउंटरवरची मुलगी भली. पुन्हा पुन्हा बोटं ठेवायला लावली, शेवटी म्हणाली, मावशी, थोडे दिवस हातांना आराम द्या, तेल लावा, रेषा परत येतील, मग या. ठसे नाहीत तर व्हिसा नाही, म्हणजे तुझं बाळंतपण माझ्याविना. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू? मग डोळे पुसले. एवढी रोपं जगवली, मला माझी बोटं जगवता येत नाहीत होय?

तेव्हापासून माझे नुसते लाड चाललेत. खुरपं बाबांच्या हाती. मी खुर्चीतून सांगते एक आणि ते छाटतात भलतंच. एकदा वैतागून उठलेच, तर त्यांनी हातमोजे पुढे केले. मला, हातमोजे! बोटांना ओल लागली नाही तर पाणी किती घालायचं ते काय डोंबल कळणार? पण घातले. संध्याकाळी कोमट पाण्यानं हात धुतले की बाबा एकेका बोटाला तेल चोळतात. लग्नानंतरच्या नव्या नवलाईतही त्यांनी माझा हात इतका वेळ धरला नव्हता. मला आवडतं, पण त्यांना सांगू नकोस, शेफारतील.

लहानपणी मी तुला अंघोळ घालायला बसले की तू किंचाळायचीस, आठवतं? आईचे हात टोचतात, बाबाच हवेत. तुझी काही चूक नव्हती. पाठ तुझी कोवळी आणि माझे तळवे म्हणजे किसणी. मी हसून उठायचे आणि टॉवेल घेऊन दारात उभी राहायचे. पण वाईट वाटायचं गं. फार वाटायचं.

तर, ठसे उमटले. दहाच्या दहा! काउंटरवरच्या मुलीनं चक्क टाळ्या वाजवल्या. व्हिसा आला, तिकिटं काढली, महिनाअखेरीला आम्ही दोघं तुझ्या दारात. त्या दिवशी बाबांनी खुरपं माझ्यापुढे ठेवलं, आता घे म्हणाले. मी हात लावला नाही. हातमोजे अजून घालते, तेल अजून चोळून घेते. मशीनचं काम झालं, पण बाळाची पाठ त्याहून नाजूक असते. हे फोनवर मागायला माझी जीभ रेटेना, म्हणून पत्र. बाळाला अंघोळ मी घालणार. बाबांना सांगून ठेवलंय, या खेपेला टॉवेल घेऊन दारात तुम्ही उभं राहायचं.

तुझीच,
न टोचणारी आई