पिठाचा डबा

माकुणसार, ४ जुलै २०२५

चि. तेजल हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

शेजारचा निमेश बोईसरला ड्युटीवर निघालाय, त्याच्या हाती पिठाचा डबा देतेय. झाकणाखाली ही चिठ्ठी, कारण फोनवर तू नुसतं हो-हो करतेस. गिरणीत गर्दी होती, तरी गिरणीवाल्या हिराने माझा मान राखला. कुणाचे तरी गहू दळून झाले आणि लगेच आपले तांदूळ टाकले. पीठ अगदी मऊ आलंय.

तुझं पोट पुन्हा बिघडलं म्हणून प्रदीप पालघरहून माझ्यावरच ओरडला. गहू वर्ज्य असताना तू मैत्रिणींबरोबर चोरून पाव खातेस, असं तुझ्या बाबाला वाटतं. आता बरं वाटलं नाही तर नर्सिंग सोडवून घरी आणणार म्हणतो. खरं काय ते मला सांग. रागावणार नाही, फार तर थोडी.

माया आहेच, ती ताजी ठेव.
दमयंती आत्या

बोईसर, १३ जुलै २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पाव खाल्ला नाही, तुझी शपथ. तो फक्त स्वप्नात येतो, गरम गरम, आणि जाग आल्यावर मी उशीवरचे कण झटकते! माझ्या वर्गातल्या सलोनीच्या वाढदिवसाला सगळ्या केक खात होत्या, मी तुझ्या पिठाची भाकरी आणि गूळ घेऊन बसले. मला भाकरीवाली म्हणतात. म्हणू देत.

काल दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी बरंच विचारलं, पीठ कुठे दळतात तेही. मग पहाटे वेगळंच स्वप्न पडलं. आपण दोघी गिरणीत उभ्या होतो. वरून गव्हाचं पीठ धुक्यासारखं उतरत होतं, आपल्या तांदळावर, तुझ्या केसांवर, हळूहळू. तू हसत होतीस. मी हाक मारत होते, पण आवाजच फुटेना. उठले तेव्हा रडत होते. आत्या, मला शिकायचंय गं.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझी तेजल

माकुणसार, १९ जुलै २०२५

चि. तेजल हिस अनेक आशीर्वाद.

तुझं स्वप्न दोनदा वाचलं आणि तशीच गिरणीत गेले. हिरा म्हणाली की आधीचं थोडं पीठ चक्कीत राहतंच, त्याला कोण काय करणार. मी किती हौसेने तुला गहू पाठवत होते! फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालघरला जाऊन प्रदीपसमोर उभी राहिले. सांगितलं की पोरीनं काय नाय केलं, मीच तिला गहू चारला, वरडायचं तर माझ्यावर वरड. त्याला पटलं. तुझं शिक्षण चालू राहील.

माळ्यावरचं जातं खाली काढलंय. त्यावर तांदळाशिवाय कधी काही दळलेलं नाही. डबाही नवा घेतला. दंड भरून येतात, पण दळताना छान गुंगी येते.

आणि एक. मला वाईट वाटेल म्हणून स्वप्नात गुंडाळून सांगायची गरज नाही. पुढच्या वेळी जागेपणी सांग.

हात चालतात तोवर पीठ येत राहील.
दमयंती आत्या