वावरातलं पांढरं धोतर

भाद्रपद वद्य षष्ठी, दिवेलागण

आज ह्यांची तिथी. दर वर्षी या दिवशी त्यांचं धोतर धुऊन वावरात वाळत घालते. सकाळीच दवंडी ऐकली होती की पुरासाठी हेलिकॉप्टर येणार, शाळेच्या मैदानात चुन्याची फुली काढली आहे, दुसरीकडं पांढरं काही टाकू नका. ऐकूनही घातलं. एका धोतरानं काय होतं!

हेलिकॉप्टर माझ्याच वावरात उतरलं. कोण कुठं अडकलंय ते दाखवणारे हवालदार मैदानावर उभे. ते चिखल तुडवत येईपर्यंत हेलिकॉप्टर दुसऱ्या जिल्ह्याकडं निघूनही गेलं. शेजारची सुमन गरोदर आहे, पलीकडच्या देवळाच्या छतावर अडकली आहे. ती तशीच राहिली.

हवालदार माझ्या ओट्यावर टेकले ते संतापूनच. "चार जिल्ह्यांत मिळून एक हेलिकापटर, अन् तेबी आंधळं! म्हणते, उद्या येतो. वर तक्रारच करतो त्याची. काकू, तुमीच सांगा, एवढी मोठी फुली दिसत नाही काय त्याले?"

"च्या घ्या," एवढंच म्हणाले मी. धोतर घडी करून मांडीवरच होतं.

काहून गप्प बसले? ह्यांच्या तिथीला बोल लागू नये म्हणून? सुमनला त्याचं काय?

पाऊस पुन्हा लागला आहे. मैदानावरचा चुना वाहून जाईल. उजाडताच हे धोतर हवालदारांना देते, फुलीच्या जागी अंथरा म्हणते. आज ते कुठं होतं, तेही सांगते.