उन्हाची बाजू

१३ एप्रिल, सोम.
सकाळी झेंड्याची पाळी. रेवाच्या शाळेची पद्धत: पालकांनी आळीपाळीने चौकात पिवळा झेंडा घेऊन उभं राहायचं, पोरं ठरलेल्या वाटेनेच रांगेत येतात, त्यांना रस्ता ओलांडून द्यायचा. इथे जपानात, सेंदाईला, एप्रिल म्हणजे अजून थंडीच. दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा एक तुकडा फुटपाथवर पडला होता, आम्ही तिघी आया त्यातच दाटीवाटीने उभ्या. "छान ऊन आहे नाही, नशीबच," एक म्हणाली. मीही "हो ना" केलं.
ऑफिसात ओनोदेरा-सान, म्हणजे आमचे साहेब, खुशीत. वाळवंटी गावाचा (यापुढे वा.गा.) आराखडा संपत आला. राजस्थानातलं गाव, सोलरचे प्रकल्प आल्यापासून फुगत चाललंय, तिथल्या बागा आणि पायवाटा आखायचं काम आमच्याकडे. मुख्य वाट कालव्याच्या बांधावरून, नव्या वस्तीपासून शाळेपर्यंत. साहेबांनी स्वतःच्या हाताने काढलेली. नावही ठेवलंय: हिदामारी नो मिची, कोवळ्या उन्हाची वाट. उत्तरेला झाडं, थंड वारा अडवायला. दक्षिण मोकळी, ऊन यावं म्हणून.
१५ मेला आराखडा जाणार. तो गेला की माझ्या पर्मनंटचं बघू म्हणाले. निखिलची पोस्टडॉक पुढच्या मार्चला संपते. माझं झालं तर इथे राहायचं, नाही तर गाशा गुंडाळायचा. घरात या विषयावर आम्ही फार हळू आवाजात बोलतो.

१६ एप्रिल
अकोल्याला आईला फोन. "काय ऊन तापून राहिलं बाप्पा! घराबाहेर पाय टाकवत नाही." दादाचा ओम शाळेतून चालत आला आणि दारातच घोळणा फुटला, शर्ट रक्ताने भरला. आता आई त्याच्या खिशात कांदा देते. "आणि त्याला सांगितलं, भिंतीभिंतीने ये, मधून चालू नको."
फोन ठेवला.
भिंतीभिंतीने. मला कोणी शिकवलं होतं का हे? शाळेतून येताना रस्त्याची बाजू आपोआप बदलायची. मोठा रस्ता सोडून बोळांतून यायचं. आणि आम्ही वा.गा.च्या पोरांसाठी काय काढलंय? उघडा बांध. दुपारी एकला शाळा सुटणार, एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडं, तीही चुकीच्या अंगाला, आणि डोक्यावर भट्टी.
जानेवारीत आम्ही गाव बघायला गेलो होतो ना! कडाक्याची थंडी, म्हातारे भिंतीला पाठ लावून उन्हात बसलेले, साहेबांनी कौतुकाने त्यांचे फोटो काढले. मीही शाल गुंडाळून उन्हात चहा पीत होते. पाच वर्षं सेंदाईत काढली की ऊन म्हटल्यावर माणूस फक्त खूश होतो. मला या कामावर घेतलं कशासाठी? मी तिकडची म्हणून!! धन्य.

१७ एप्रिल
निखिलला सांगितलं. तो: "बरोबर आहे तुझं. पण आधी ऑर्डर हातात पडू दे, मग शहाणपणा कर."
मी: "तोवर वाट बांधून होईल."
तो: "अगं, नकाशा आहे तो. सरकारी काम. दहा वेळा बदलेल."
बदलणार नाही. साहेबांनी काढलेली रेघ कोण बदलणार? चिडले, भांडी आपटली. रेवाने खोलीतून ओरडून जपानीत विचारलं, भूकंप आहे का.

२० एप्रिल, सोम.
मिउरा-सानला गाठलं. माझ्या शेजारी बसते, या ऑफिसात तिचे केस पांढरे झाले. तिला आधी गावातल्या गल्ल्या दाखवल्या: जुनी वस्ती, अरुंद, दोन्हीकडे उंच भिंती, थेट शाळेच्या मागच्या फाटकाशी निघतात. वाट तिथून नेली तर पोरं सावलीत चालतील. तिने सगळं ऐकून घेतलं. मग दार लोटून म्हणाली, मीटिंगमध्ये यातलं अक्षर काढू नका. आधी ऑफिसातल्या रस्तेवाल्यांकडे जा, मग पाणीवाल्यांकडे, एकेकाला एकटं गाठून. साहेबांकडे सगळ्यांत शेवटी. नेमावाशी करा.
नेमावाशी मला माहीत आहे. मीटिंगच्या आधी सगळ्यांना आतून तयार करायचं, म्हणजे मीटिंगमध्ये कोणाला धक्का नको. मीटिंग फक्त माना डोलवायला.
"वेळ किती लागेल?"
"साहेबांना वाटलं पाहिजे की त्यांनाच सुचलं. तेवढा."
मधे मेची मोठी सुट्टी. एवढा वेळ आहे कुठे?

२२ एप्रिल
रस्तेवाले: दातांतून हवा ओढली, मान वाकडी. "अवघड आहे."
पाणीवाले: "रोचक आहे." आणि लगेच कॉम्प्युटरकडे वळले.
दोघांनीही चहा मात्र दिला.

२४ एप्रिल, शुक्र.
केलं. जेवणाच्या सुट्टीत नदीकाठी जाऊन भाटीजींना फोन लावला. वा.गा.च्या नगरपालिकेचे इंजिनीयर, जानेवारीत त्यांच्याकडे आम्ही जेवलोसुद्धा होतो. हिंदीत सरळ सांगितलं: मंगळवारच्या मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणा की बांधावरून नको, गल्लीतून हवी. तुम्ही गिऱ्हाईक, तुम्ही म्हणालात की प्रश्नच मिटला.
"अरे मॅडम, बिलकुल! बांधावर दुपारी कुत्रं फिरकत नाही. मला वाटलं जपानी लोकांनी काही विचार करूनच काढली असेल."
हुश्श. आपल्याकडे कामं अशीच होतात, आतून सांगून ठेवायचं. हीसुद्धा नेमावाशीच की. फक्त जरा लांबून.
मिउरा-सानला बोलले नाही.

२८ एप्रिल, मंगळ.
वाट लागली.
व्हिडिओवर भाटीजी, इकडे आम्ही सगळे. साहेबांनी उन्हाच्या वाटेचं चित्र दाखवलं, पिवळ्या टोप्या घातलेली पोरं, गवत, बाकं. भाटीजी हसतमुखाने म्हणाले, "सुंदर! पण जसं देशमुख मॅडमनी मला फोनवर सांगितलं, वाट गल्लीतून काढायला हवी. मॅडम एकदम बरोबर बोलल्या."
दुभाषा मीच. हे वाक्य मलाच जपानीत करायचं होतं.
केलं. सगळं केलं, माझ्या नावासकट. दुसरं काय करणार? 'देशमुख मॅडम' तर सगळ्यांना हिंदीतूनच ऐकू गेलं होतं. भाटीजींना इथली रीत थोडीफार कळत असती तर तेही गप्प बसले असते.
खोलीत कोणी माझ्याकडे बघेना. साहेब वहीवर पेन ठेवून म्हणाले, "मोलाच्या सूचनेबद्दल आभारी आहोत. सूचना सोबत नेतो, विचार करतो." इथे याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच. आणि पुढची चित्रं त्याच आवाजात दाखवली.
बाहेर पडल्यावर मिउरा-सान एवढंच म्हणाली, "फोन?" मी मान हलवली. तिने डोळे मिटून घेतले.

३० एप्रिल
साहेब माझ्याशी फार आदराने बोलतात. इतक्या आदराने आधी कधी बोलले नव्हते. देशमुख-सान, कृपया. देशमुख-सान, त्रास दिला. अंगावर काटा येतो. ओरडा ना एकदा! पुण्यात माझा पहिला बॉस फाईल भिरकवायचा आणि संध्याकाळी भेळ खायला न्यायचा. ते परवडलं.
वा.गा.च्या मेलमधून माझं नाव गळलंय.

३ मे, सुट्टी
सगळं शहर बागेत. चटया, डबे, उघड्या डोक्याची पोरं उन्हात. आम्हीही गेलो. निखिल म्हणाला, "माफी मागून टाक. वाटेबद्दल नको मागू, फोनबद्दल माग." हे मात्र बरोबर बोलला. माझ्या नाकावर राग बसला होता म्हणून मी लगेच कबूल केलं नाही.
आईचा फोन आला. ओमला पुन्हा घोळणा. आता रिक्षा लावलीय. वा.गा.तल्या पोरांना कोण रिक्षा लावणार.

७ मे, गुरु.
साहेबांपुढे वाकले. फोनबद्दल माफी मागितली. "वाटेबद्दल माझं मत तेच आहे," हेही म्हणाले.
मग त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. ते उत्तरेकडच्या बर्फाच्या गावचे. शाळा लांब. देवळाच्या भिंतीशी एक जागा होती, तिथे तेवढा बर्फ वितळायचा, ऊन यायचं. सगळी पोरं तिथे थांबून हात शेकायची, मग पुढे. "ती वाट काढताना मला तीच जागा दिसत होती," म्हणाले. "पोरांना द्यायची असेल तर तीच द्यावी."
माझा सगळा राग सांडून गेला, आणि त्याने मला आणखीच भीती वाटली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.
मी म्हणाले, "आम्ही सावलीत थांबायचो. तसंच. तेवढीच जागा."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उद्या," म्हणाले, "त्यांच्या शाळा सुटायच्या वेळी भाटी-सानना फोन घेऊन बांधावर उभं राहता येईल का, विचारा." आणि वर, "ऑफिसच्या फोनवरून."

८ मे, शुक्र.
इकडे संध्याकाळ होत आली, तिकडे दुपार. पडद्यासमोर साहेब, मिउरा-सान, मी. भाटीजी डोक्याला पंचा गुंडाळून बांधावर. आधी तर पडदा नुसता पांढरा. मग कालवा दिसला, धूळ, आणि माणूस एकही नाही. शाळेची घंटा ऐकू आली, पोरांचा गलकाही. बांधावर कोणी नाही.
"मुलं कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं. मी हिंदीत केलं.
भाटीजी धापा टाकत चालत गेले, गल्लीच्या तोंडाशी थांबले, फोन वळवला. तिथे होती सगळी. भिंतीला चिकटून, एकामागे एक, दप्तरं भिंतीला घासत. सावलीचा पट्टा जेमतेम एका पोराएवढा. एक छोटी बाहेर पडली तर मागचीने वेणी धरून तिला आत ओढलं. रांग लावायला कोणी उभं नव्हतं, झेंडा नव्हता.
साहेब पडद्याच्या अगदी जवळ गेले.
"गल्ली अरुंद आहे."
"हो."
"गटार उघडं आहे."
"हो."
"बाक ठेवायला जागा नाही. झाडाला जागा नाही."
"हो," मी म्हणाले. सगळं खरंच होतं.
शेवटचं पोर जाईपर्यंत त्यांनी फोन बंद करू दिला नाही. मग भाटीजींना म्हणाले, सावलीत जा, पाणी प्या. हे मी जरा घाईनेच हिंदीत केलं.
निघताना: "देशमुख-सान, सोमवारी हांको घेऊन या."
हांको म्हणजे नावाचा शिक्का. नकाशाच्या कोपऱ्यात जबाबदार माणसांचे शिक्के लागतात. आम्हा कंत्राटी लोकांना तिथे चौकटच नसते. मिउरा-सान म्हणाली, इतक्या वर्षांत त्यांनी कंत्राटी माणसाला हांको मागितलेला तिने पाहिला नाही. म्हणजे पर्मनंट होणार, जवळजवळ नक्की.
"पण कुठल्या नकाशावर?"
तिला माहीत नाही. साहेब दोन्ही गुंडाळ्या, त्यांचा बांधाचा नकाशा आणि मी आखून ठेवलेला गल्लीचा, घरी घेऊन गेले.

९ मे, शनि.
स्टेशनजवळच्या दुकानात हांको करायला टाकला. तयार शिक्क्यांच्या फिरत्या खणात सातो, सुझुकी, ओनोदेरा सगळे. आपलं कोण ठेवतंय. 'देशमुख' त्या गोलात बसेना, दुकानातले आजोबा म्हणाले अक्षरं मुंगीएवढी होतील. मग 'अनघा' करायला सांगितलं.
निखिलला आनंद लपवता येत नाहीये. घरमालकाला काय कळवायचं ते आत्ताच ठरवतोय. "ज्याच्यावर म्हणतील त्याच्यावर मार आणि मोकळी हो. तू सांगायचं ते सांगितलंस, आता त्यांचा निर्णय."
"शिक्का माझा ना पण."
"अनू, प्लीज."
त्याचंही चूक नाही. रेवाची शाळा, तिच्या मैत्रिणी, आमचं सगळं इथेच आहे. आणि गल्लीच निघाली तरी गटारात कोणाचा पाय गेला की शिक्का माझाच.

१० मे, रवि.
दुपारी हांको आणला. लहानसाच आहे, मुठीत मावतो. रेवाने जुन्या कागदावर मारमारून बघितला, पानभर मीच.
तिने जपानीत विचारलं, हा कशावर मारायचा?
"एका वाटेवर. तुझ्याएवढी मुलं त्यावरून शाळेत जाणार."
"मग नीट मार हं," जपानीतच. आणि कार्टून बघायला पळाली.
उद्या पुन्हा झेंड्याची पाळी, तिथून थेट ऑफिस. शिक्का पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलाय. निखिल स्वयंपाकघरात शीळ घालतोय, कितीतरी दिवसांनी. उद्या साहेबांनी गल्लीचा नकाशा उलगडला तर काही प्रश्नच नाही. बांधाचा उलगडला तर मी शिक्का पर्समधून बाहेर काढणार नाही.