चालायचे बूट

रविवार, ३० नोव्हेंबर
निर्णय झाला. यंदा नवे बूट.
मागच्या डिसेंबरच्या शिकारीत, हाक्याच्या वेळी, रांगेचं डावं टोक मागे पडलं आणि त्या फटीतून फेझंट कोंबड्यांचा अख्खा थवा निसटला, हे खरं आहे. डाव्या टोकाला मी होतो, हेही खरं आहे. पण दोष बुटांचा होता. बूट भिजले, बोटं बधिर झाली, बधिर बोटांमुळे गुडघा धरला. गुडघ्याचं स्वतःचं असं काही दुखणं नाही. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे लोकांना वेगळं करता येत नाही.
यंदाचा हाका वीस तारखेला. वेळ भरपूर आहे.

मंगळवार, २ डिसेंबर
ब्रेडीचा फोन. माझा पुतण्या. भाऊ गेल्यापासून हाक्याची सगळी व्यवस्था तोच बघतो. रांगेत कोण चालणार, शेताच्या पलीकडच्या टोकाला, उठलेले पक्षी अडवायला, नाक्यावर कोण उभं राहणार, सगळं तो ठरवतो. सहज विचारल्यासारखं म्हणाला, काका, बूट घेताय असं कळलं. चालायचे घेताय की उभं राहायचे?
रोख कळला. नाक्यावर ऑर्विल उभा असतो. ऑर्विल एक्याऐंशीचा आहे. मी अठ्ठावन्न. रांगेचं डावं टोक माझ्या वडिलांचं होतं, त्यांच्यानंतर माझं आहे. म्हटलं, असे घेईन की तू बघत राहशील. तो म्हणाला, बरं काका.
त्याचं हे 'बरं काका' मला आवडत नाही.

शुक्रवार, ५ डिसेंबर
अभ्यास पूर्ण. कॉलेजची पायरी न चढता या तालुक्यातले निम्मे हार्वेस्टर मी दुरुस्त करतो, ते याच पद्धतीने. आधी वाचायचं, मग हात लावायचा.
बुटाच्या आतलं उबदार अस्तर ग्रॅममध्ये मोजतात. चालणाऱ्याने कमी ग्रॅमचं घ्यावं, असं जिथे तिथे छापलं आहे. ते सर्वसाधारण माणसासाठी. माझा सिद्धांत असा: ऊब वर चढते. पाय तापले की गुडघ्यातलं वंगण पातळ होतं, थंडीत इंजिनाच्या तेलाचं होतं तसंच. म्हणून अस्तर सगळ्यात जाड. हे अजून कोणाला कसं सुचलं नाही, याचं नवल वाटतं. ऑर्डर दिली.
बायकोला, मारलिसला, समजावून सांगितलं. ती पीठ मळत होती. पूर्ण ऐकून म्हणाली, तुझा गुडघा डॉक्टरला दाखवायचा राहिलाय.
विषय बुटांचा चालला होता.

मंगळवार, ९ डिसेंबर
बूट आले. मजबूत. मारलिसच्या पिठाच्या काट्यावर एक ठेवला, काट्याचे आकडे संपले.
खोक्यावर चित्र आहे. गोठलेल्या तळ्यावर एक माणूस उलट्या बादलीवर बसून गळ टाकून आहे. मारलिस म्हणाली, हा तर चालत नाहीये. म्हटलं, चित्र जाहिरातवाले काढतात, त्यांना काय कळतंय. ती म्हणाली, बसलाय मात्र आरामात. बादली पण मिळते का सोबत?
दुर्लक्ष केलं. जुने बूट मागच्या पिंपात जाळले. माघारीचा रस्ता उघडा ठेवायचा नाही.

गुरुवार, ११ डिसेंबर, दुपारी
घरातल्या घरात चाचणी. टर्की भाजताना तिच्यात खुपसायचा थर्मामीटर डाव्या बुटात खुपसून चाललो. मारलिस जाता जाता म्हणाली, शिजलं की सांग, बटाटे टाकते.
आकडे उत्कृष्ट.

पाच वाजता
बूट निघत नाहीत. पाय किंचित फुगलाय, म्हणजे ऊब पोचली आहे. मारलिस चर्चमध्ये बायकांबरोबर लेफ्सा, म्हणजे नाताळच्या बटाट्याच्या पोळ्या, लाटायला गेलीय. मी खुर्चीत बसून आहे. टिली पायाशी येऊन बूट हुंगून गेली. ही कुत्री समजूतदार आहे.
मुद्दामच बसलो आहे. सलग वापराचीही चाचणी व्हायला हवी होती.

साडेसात
मारलिस आली. माझ्याकडे पाठ करून तिने बूट दोन्ही गुडघ्यांत धरला, मी दुसऱ्या पायाने तिला ढकललं. बूट निघाला आणि ती फ्रिजवर जाऊन आदळली. एक शब्द बोलली नाही.
दुसरा बूट काढताना बोलली.

शनिवार, १३ डिसेंबर
धान्याच्या कोठारावर सकाळची कॉफी. बुटांची बातमी आधीच पोचली होती. सगळे विचारायला लागले, मग सविस्तर सांगावंच लागलं. म्हटलं, या बुटांत माणूस वाऱ्यात, बर्फात ईस्टरपर्यंत उभा राहिला तरी बोटांना पत्ता लागणार नाही. अशी जोडी अख्ख्या साउथ डकोटात दुसऱ्या कोणाकडे असेल असं वाटत नाही.
ऑर्विल म्हणाला, ईस्टरला काढायला माणसं किती लागतील? मारलिसने कुठे कुठे सांगितलंय कळत नाही.
ब्रेडी मात्र मन लावून ऐकत होता. पोरगा सुधारतोय.

मंगळवार, १६ डिसेंबर
मैदानी चाचणी. टिलीला घेऊन मागच्या पाणथळात, पाणकणसांतून. बर्फावर पापुद्रा धरलाय. पाय पापुद्र्यातून आत जातो आणि मग बर्फ त्याला सोडत नाही. दर पावलाला विनंती करावी लागते. टिली दोनदा परत येऊन बघून गेली, मग मधेच आडवी झाली.
कुंपणापर्यंत पोचलो नाही. वाटेत बसून परिसराचं निरीक्षण केलं. मोजे घामाने भिजले. गुडघ्यात कट्कन आवाज झाला, तो वंगण हलल्याचा असावा.
वापरलेले बूट कंपनी परत घेत नाही. सहज बघून ठेवलं.
जुने बूट आठवले. तेही सहजच.

शुक्रवार, १९ डिसेंबर
संकल्प: उद्या दिवसभर डावं टोक. एक पाऊलही मागे नाही.
मारलिस म्हणाली, अरे, ब्रेडीला सांगून टाक ना गुडघ्याचं. तो काय तुला खाणार आहे का? म्हटलं, सांगण्यासारखं असलं तर सांगेन. तिने माझ्या कोटाच्या खिशात दुखण्याच्या गोळ्या टाकल्या. मी बघितलं. काढल्या नाहीत, कारण खिसा खोल आहे.

शनिवार, २० डिसेंबर, संध्याकाळी
शून्याखाली बारा. वारा वायव्येकडून.
सकाळी गाड्यांपाशी सगळे जमले. ब्रेडीने जागा सांगायला सुरुवात केली. माझ्यापाशी येऊन म्हणाला, काका, नाक्यावर आज वारा वाईट आहे. मागच्या वर्षी ऑर्विलची पायाची दोन बोटं काळी पडली होती. तुम्ही त्या दिवशी सांगितलंत ना, तसे बूट आमच्यात कोणाकडेच नाहीत.
सगळ्यांनी माझ्या पायांकडे बघितलं.
नाही म्हणायचं तर बूट तेवढे चांगले नाहीत असं म्हणावं लागलं असतं. दुसरं एक कारण होतं, पण ते बुटांविषयी नव्हतं. म्हटलं, यंदापुरतं बघतो.
तो म्हणाला, बरं काका. डावं टोक त्याने स्वतः घेतलं.
टिली रांगेबरोबर गेली. तिचं काम तिथेच असतं. एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, येतोस का अशा नजरेने. मग पाणकणसांत शिरली.
ऑर्विलच्या गाडीतून शेताला वळसा घालून नाक्यावर गेलो. त्याने मागून दोन बादल्या काढल्या, उलट्या टाकल्या, एक माझ्याकडे पायाने सरकवली. विचारलं, दोन कशाला आणतोस? म्हणाला, दुसरी दोन वर्षं झाली, गाडीतच ठेवलीय. कधी लागेल सांगता येत नाही.
बसलो.
रांग लांबून येताना एका सरळ रेषेत दिसते. हे मी कधी बघितलं नव्हतं, कारण मी कायम रांगेत असायचो. डावं टोक कुठेही मागे पडलं नाही. शेवटी शेवटी एक कोंबडा आमच्यावरून गेला. मी बंदुकीने पाडला. टिलीने धावत येऊन तो उचलला आणि ब्रेडीला नेऊन दिला. ब्रेडी तो घेऊन चालत माझ्यापर्यंत आला. म्हणाला, काका, तुमचा.
घरी आल्यावर मारलिसने विचारलं, पाय? म्हटलं, गरम होते.
मग ती बूट ओढायला माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.
गरज पडली नाही. आज दोन्ही सहज निघाले. पाय फुगलेच नव्हते.