केतकीचा नॉइज, माझा कचरा

मंगळवार, संध्याकाळ, खारघर

आज लॅबच्या मीटिंगमध्ये सरांनी माझ्या ज्युनिअरसाठी, केतकीसाठी, टाळ्या वाजवल्या. तिने नॅनो आकाराच्या सुपरकंडक्टिंग जोडाची एक बाजू किंचित गरम ठेवली, आणि व्होल्टेज शून्य असतानाही करंटमधला नॉइज, म्हणजे त्यातले बारीक चढउतार, वाढला. नुसत्या तापमानाच्या फरकाने! अरे, हाच नॉइज मला गेल्या वर्षी दिसला होता. माझ्या सॅम्पलची एक बाजू नीट गार होत नव्हती. मी अर्थिंगला शिव्या घातल्या आणि वहीत लिहिलं: 'कचरा. गाळून टाकला.'

नंतर ती चहा घेऊन आली. "दादा, तुझा तो जुना डेटा आहे का रे? जुळला तर पेपरमध्ये तुझंही नाव टाकू."

टाकू म्हणे! उपकार करतेय का माझ्यावर?

"डिलीट केला," मी म्हणालो.

फाइल आत्ता समोर उघडी आहे. तिच्या ग्राफवर तंतोतंत बसते. कचरा! केतकी बरोबर आहे याचा दुसरा पुरावा फक्त माझ्याकडे आहे, आणि मी तो दाबून बसलोय.