मनिषाची बारावी

पनवेल, १२ डिसेंबर

ती. आईस,
वाकून नमस्कार.

कातकरीवाडीतल्या ज्या मनिषावर मी पेपरात लिहिलं होतं, ती काल वीटभट्टीवर गेली. टेम्पो निघताना तिच्या वडिलांनी, पांडूदादांनीच मला सांगितलं. फोनवर तुला सांगवेना, म्हणून लिहिते.

भट्टीवर जोडीलाच काम मिळतं. बायको अंथरुणाला खिळली, म्हणून तिच्या जागी मुलगी. "ताई, एकट्या मानसाला कोन घेत नाय," पांडूदादा म्हणाले.

मनिषा मात्र हसत होती. "ताई, आता विटा थापतानाचा फोटो पन छापा. जरा गोरी दाखवा पन!"

'वाडीतली पहिली बारावी' हे कात्रण तू देवाजवळ ठेवलंयस ना? ते राहू दे.

मी बरी आहे. डबा चांगला मिळतो. झोप जरा कमी होते, इतकंच. बाबांचा गुडघा कसा आहे?

संपादकांना रविवारच्या युवा पानासाठी आता दुसरी मुलगी हवी आहे. शोधते आहे.

मनिषाचं हॉलतिकीट आलं की कॉलेज तिच्यासाठी ठेवून घेणार आहे. परीक्षा फेब्रुवारीत सुरू होईल आणि भट्टी पाऊस लागेपर्यंत चालेल.

तुझीच,
ऋजुता